गजकचा कागद

आमच्या फ्रिजवर एक कागद लावलाय,
माधवगंजच्या डॉक्टर तोमरबाईंच्या हातचा.
नाव: गजक. वय: नऊच्या आसपास.
जातीच्या रकान्यात बाईंनी लिहिलंय: ग्वाल्हेरी.

नानांचे स्वतःचे कागद पलंगाखालच्या ट्रंकेत असतात,
घडीसुद्धा न मोडलेले.
साखर, रक्तदाब, हृदयाचा तो वेडावाकडा आलेख.
हृदयाच्या डॉक्टरला नाना 'तो पोरगा' म्हणतात.
तो पोरगा म्हणाला, दुपारी बाहेर पडू नका.
नाना म्हणाले, चाळीस वर्षं वीज मंडळाची सायकल
दुपारी दोनलाच हाणली आहे मी.

मे. पारा सेहेचाळीसवर.
बाईंनी कागदावर लिहिलंय:
डांबरावर उलटा हात ठेवा, सात मोजा.
तुम्हाला सोसलं नाही तर त्यालाही सोसत नाही.
जिन्सी नाल्याच्या वळणावर नाना वाकतात,
गुडघा कटकन वाजतो,
हात टेकतात.
एक, दोन, तीन, च—
"चल रे. तुला नाही झेपायचं हे ऊन."
आणि दोघं घरी परत. कूलरसमोर दोघं.
मातीच्या परळात त्याचं पाणी,
तांब्यात यांचं, कारण तो पीत असला
की यांनाही आठवतं.
आता फिरणं पहाटे पाचला.

श्रावणात दमट सगळंच: भिंती, चादरी, गजकचे कान.
कापसाने कान कोरडे करा. बोटांच्या बेचक्यात गोचीड बघा.
दिसला तर चिमट्याने, कातडीजवळ धरून, सरळ ओढा.
रॉकेल नको, काडी नको, घरगुती अक्कल नको
(शेवटच्या शब्दांखाली रेघ आहे).
नाना चष्मा चढवून पाटावर बसतात,
एकेक पंजा मांडीवर घेऊन
पंचांग बघावं तसे बघतात.
परवा मी दारातून पाहिलं:
चारही पंजे झाल्यावर
त्यांनी इकडेतिकडे बघितलं,
आणि स्वतःचा पाय मांडीवर घेतला.
करंगळीजवळ एक फोड होता.
किती दिवसांचा, कुणास ठाऊक.
मी काही बोलले नाही. मलमाची ट्यूब
गजकच्या कापसाशेजारी ठेवून दिली.

दिवाळीचं कलम छोटं आहे:
मधल्या खोलीत ठेवा. खिडक्या लावा. रेडिओ लावा.
एकटं सोडू नका.
मधली खोली म्हणजे आईची.
दोन वर्षं आम्ही तिथे फक्त वाळलेले कपडे टाकत होतो.
लक्ष्मीपूजनाला बाहेर सगळा लष्कर भाग फुटत होता
आणि आत नाना, पलंगाखाली गजक,
यांचा एक हात खाली लोंबता, त्याच्या डोक्यावर.
कोण कुणाला धरून होतं
ते मला अंधारात नीट दिसलं नाही.

मग धुकं. किल्ला आठ-आठ दिवस गायब.
उघड्या फरशीवर निजवू नका, सांधे धरतात. खाली पोतं.
ऊन आल्याशिवाय बाहेर काढू नका.
गोड नाही, तूप नाही, मनुका तर विषच.
आणि म्हणून गजकला गजक नाही.
नया बाजारातून नाना दर जानेवारीत
किलोभर तिळाची गजक आणत आले;
यंदा पुडी सोडली तर हा समोर बसला,
नुसता बसला. भुंकला नाही, शेपूट नाही.
नानांनी पुडी बांधली. शेजारच्या भदौरियांना दिली.
"त्याच्या डोळ्यांदेखत घास उतरतो का?"
मार्चमध्ये साखर उतरली.
त्या पोरग्याला वाटलं, गोळी लागू पडली.

काल गजकची वर्षाची लस होती.
काट्यावर चढायला तो तयार होईना.
तोमरबाई म्हणाल्या, "नानाजी, जरा आप चढिए,
तुम्हाला बघून येईल तो."
नाना चपला काढून चढले, देवळात चढतात तसे.
मग तोही आला.

घरी येऊन कागद पुन्हा लावताना दिसलं:
गजक, एकवीस किलो, ठीक.
त्याखाली पेन्सिलीने, नाव न घालता,
अडुसष्ट. दोन कमी करा.
पुढची तारीख मात्र
एकच लिहिली आहे.