काटाघर

किल्ली माझ्याकडे असते.
कुलूप जुन्या जिनिंगचंच,
कितीही तेल पाजा, एक शिवी दिल्याशिवाय उघडत नाही.
जिनिंग बंद पडलं, यंत्रं भंगारात गेली,
काटाघर तेवढं उरलं:
चार भिंती, टिनाचं छप्पर,
आणि जमिनीत रुतलेला तबकडीचा काटा
जो चोरांनाही उचलता आला नाही.

वडील इथे मापारी होते.
त्यांच्या अंगठ्याबद्दल गाव अजून बोलतं,
मी पाठमोरी झाले की.
मी ऐकते. खोटं आहे, असं म्हणत नाही.

बुधवारी, शुक्रवारी आणि रविवारी दुपारी उघडते.
मे महिन्यात खिडक्यांना ओलं बारदान.
गेरू, चुना, नीळ, चुलीतला कोळसा घरोघरचा;
पळस फुलला की पोरं शेंदरी रंग पोत्यानं आणतात.
विकत घ्यावा लागतो तो पांढरा,
आणि तोच आधी संपतो.
कापसाच्या गावात पांढऱ्याचा तुटवडा!
ज्याला त्याला आपलं काहीतरी
थोडं फिकं करायचं असतं.

जंगूभाऊ टेकाम वीज मंडळात होता.
खांबावरून पडला तेव्हापासून
उजवा हात नुसता सोबत असतो.
डाव्यानं तो तारा काढतो. नुसत्या तारा,
या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत.
सहा महिने एकही पाखरू नव्हतं त्यांच्यावर.
परवा एक बसलं.
मी काही बोलले नाही. बोललं की उडतात.

बेबी नगराळे मातीचे बैल करते.
शिंगं, वशिंड, घंटा, सगळं नीट,
मग मोडते, पुन्हा माती भिजवते.
‘काहून मोडतं वं इतके साजरे?’
‘हात मोकळे राह्यले का मी लेकरायले मारतो, ताई.’
मग मीच माती चाळून ठेवते तिच्यासाठी,
जास्तीची एक घमेली.

आणि कुंदा आत्राम, चार गावांची आशाताई.
ती रंगाला बोट लावत नाही.
गोळ्यांची पिशवी उशाला घेऊन
काट्याच्या पत्र्यावर आडवी होते, पाऊण तास.
पोरं तिच्याभोवती बसून कुजबुजत चित्रं काढतात.
नोंदवहीत ‘काय केलं’ या रकान्यात
मी तिच्या नावापुढे लिहिते: झोप.

मागच्या महिन्यात योजनेचा माणूस आला,
हेल्मेट काखेत, फॉर्म प्लास्टिकच्या पिशवीत.
लाभार्थी किती. तयार वस्तू किती.
मनःस्थितीत सुधारणा, टक्केवारीत.
वही चाळता चाळता थांबला.
‘हे झोप म्हणजे?’
म्हटलं, झोप.
तो हसला, चहा प्याला,
मग बूट काढून काट्यावर चढला.
सगळेच चढतात.
तबकडी बेचाळीस किलोवर अडकलेली आहे.
पहिलीतली मंजुळा बेचाळीस, जंगूभाऊ बेचाळीस,
सरपंचीण चढली तेव्हा पोरांनी टाळ्या वाजवल्या, बेचाळीस.
साहेबही बेचाळीस.
टक्केवारीच्या रकान्यात मी तोच आकडा भरला.
पैसे अजून आले नाहीत.

मागच्या भिंतीवर पोरांनी अंगठे उमटवलेत,
गेरूचे, निळीचे, काही चिखलाचेही.
खिडकीखाली एक जागा मोकळी आहे,
वडील बसायचे त्या स्टुलाच्या उंचीला.
‘ताई, तुमचा?’
‘पांढरा येऊ द्या रे,’ म्हणते मी.
पांढरा पांढरकवड्याहून येतो,
आणि पांढरकवड्याची बस
आज तिसऱ्यांदा आली नाही.

लाइन गेली. पोरं घरी पळाली.
बेबीचा एक बैल ओट्यावर राहिलाय,
विसरली की ठेवून गेली, कळत नाही.
कुंदा अजून झोपलेली आहे.
किल्ली मुठीत घेऊन
मी पायरीवर बसते.