दम

वडाळ्याच्या ट्रक टर्मिनलमागे
माती तेलानं इतकी काळी
की पाऊल उचलताना चपलेला धरून ठेवते.
तिथं माझी शहाण्णव सालची टाटा
इंजिनावरचं झाकण उघडून उभी,
दवाखान्यात सदरा वर केलेल्या म्हाताऱ्यासारखी.

"दम राहिला नाही," मी म्हणालो.
"नऊ टन घातले की चेंबूरच्या पुलावर
दुसऱ्या गिअरात येते,
मागचे रिक्षावाले माझे आईबाप काढतात."

कुर्ल्यात एकजण टर्बो बसवून देणार होता,
पंचेचाळीस हजार.
दुसरा म्हणाला, पंपाचा स्क्रू अर्धा आटा फिरवतो,
दोनशे द्या, हरणासारखी पळेल.

दस्तगीर मिस्त्री हसला नाही.
"पळंल की. काळा धूर वकत पळंल,
आन् दिवाळीला पिस्टन घेऊन दारात येशील.
नाक दाबून पोराला घास भरवतं का कुणी?
आधी नाक मोकळं कर."

म्हणून रविवार.
एअर फिल्टर टायरवर आपटला:
शिवडीचं सिमेंट, भिवंडीचा कापूस,
तुर्भ्याच्या खडीची पिठी,
मी ओढलेली सगळी भाडी
अर्ध्या घमेल्यात.

डिझेलच्या लायनीत हवा शिरत होती.
नवे वायसर आणायला निघालो तर मिस्त्रीनं अडवलं.
जुनेच तांब्याचे वायसर स्टोव्हवर लाल केले,
पाण्यात सोडले, चुर्र.
"मऊ झाले. आता धरतील."
खर्च: रॉकेल, तेही त्याचंच.

टॅपेट त्यानं पातळ पट्टी सरकवून जुळवले,
डोळे मिटून,
नाडी बघणारा वैद्य बघतो तसे.
मागचं डावं चाक जॅकवर हातानं फिरेना;
ब्रेक सुटतच नव्हता.
म्हणजे इतकी वर्षं
मी तिला एका हातानं ढकलत होतो
आणि दुसऱ्यानं तिचा पदर धरून होतो.

मग सुयोगला केबिनमध्ये बसवलं.
"पूर्ण दाब रे!"
"पूर्णच दाबलाय, पप्पा."
दस्तगीर खालून पंपाकडे बघत म्हणाला,
"खोटं. अजून दोन बोटं बाकी हायेत."

त्यानं पेडलखाली हात घातला
आणि तारेनं आवळलेलं काहीतरी ओढून काढलं.
रबर. निळं.
चपलेच्या टाचेचा कापलेला तुकडा.

चप्पल माझी होती.

तेव्हा गाडीवर गुणाजी होता.
डिझेलचा हिशेब जुळत नव्हता,
मला वाटायचं हायवेला शर्यत लावतो.
एका रात्री तो जेवायला गेला असताना
मी ही पाचर बसवली
आणि त्याला सांगितलं नाही.

दोन वर्षं तो सांगत राहिला,
"शेठ, गाडीत जीव नाही."
मी चारचौघांत म्हणालो होतो,
"जीव तुझ्यात नाही."
पगार न घेताच गेला तो.
त्यानंतर स्टेअरिंगला मीच.
बारा वर्षं पाय तळाला टेकवून
गाडीच्या वयाला शिव्या दिल्या.

"फेकू?" दस्तगीरनं विचारलं.
कुणी ठेवला, हे त्यानं विचारलं नाही.

मंगळवारी नऊ टन फरशी घेऊन
पूल तिसऱ्यात चढलो.
हरीणबिरीण काही नाही.
पाठीवरचा हात कुणीतरी काढून घेतल्यावर
म्हातारं माणूस चालतं, तशी.
उतारावर गाडी कडेला घेऊन
गुणाजीचा नंबर लावला.
कुठल्याशा बाईनं उचलला, राँग नंबर म्हणाली,
तरी मी सांगून टाकलं:
"जीव होता गाडीत."

सुयोगचं हेवी लायसन पुढच्या महिन्यात येईल.
चढ संपला तरी
त्याचा उजवा पाय हलका होत नाही, मी बघितलंय.

तुकडा डॅशबोर्डच्या खणात आहे,
पीयूसीच्या कागदाखाली.
तारेसकट.