अळणी समुद्र

एकतीस माणसं, सहा खोल्या, दोन न्हाणीघरं.
वाटणी माझ्याकडे, कारण मी बँकेत आहे
आणि मला मूल नाही,
म्हणजे वेळ आहे, असं सगळ्यांनी धरून चाललंय.
मी वहीत लिहिलं: घोरणारे वर, तान्ही खाली,
विटोल्डकाका पूर्वेला, लेशेककाका पश्चिमेला,
मध्ये जिना आणि बोजेनाचं कुटुंब, उशीसारखं.

उस्तकाला वारा पाहुणा नसतो, घरमालक असतो.
म्हणून जो तो आपली कापडी भिंत घेऊन येतो,
पट्ट्यापट्ट्यांची, खुंटांवर ताणलेली.
सकाळी सातपासून लाकडी हातोडे,
किनारा सुतारआळीसारखा वाजत राहतो.
आमच्या नऊ भिंती टिमेकनं सांधल्या,
एकच कुंपण, दार समुद्राकडे.
लेशेककाकांनी दहावी, हिरवी,
आतल्या आत उभी केली.

कुणी काही बोललं नाही.
सफरचंदांची बाग विकून सतरा वर्षं झाली.
नव्या मालकानं झाडं तोडली, तिथे आता गोदाम आहे.
भांडण मात्र दर सप्टेंबरला फळतं.

दुपारी धुरी दिलेले मासे, कागदातून तेल झिरपणारे,
काकडीचं लोणचं, उकडलेली अंडी,
जुलै असला तरी थर्मासमधला चहा.
नेलाचे ओठ जांभळे झालेत
आणि तिला पाण्याबाहेर यायचं नाही.
इगाला वाळूत पिवळा खडा सापडतो. अंबर! अंबर!
बारा डोकी वाकतात. बाटलीची काच निघते.
ती तरीही खिशात टाकते.

आणि सगळ्यांची मोठी आत्या, ब्रोनिस्वावा,
वय एकोणनव्वद,
साखर कारखान्याच्या खानावळीत चाळीस वर्षं सूप ढवळलेली,
पाण्यापासून पन्नास पावलांवर, खुर्चीत, पायात लोकरी मोजे.
तिनं समुद्र कधी पाहिलाच नव्हता
हे आम्हाला काल रात्री कळलं.
कुणी विचारलंच नव्हतं.
"मला तिथवर न्या," ती म्हणते,
पेल्यातला उरलेला चहा वाळूवर ओतून.

खुर्चीला चार पाय, चार माणसं हवीत.
मारेकची पाठ धरलेली, टिमेक वॉफलच्या रांगेत.
उरले ते उरले.
पुढे मी आणि बोजेनाचा नवरा,
मागे विटोल्डकाका, लेशेककाका.
एक दुसऱ्याहून वीतभर उंच, आत्या तिरपी होते,
"सरळ धरा रे, मी अजून मेले नाही!"
"डावीकडे घे," एक म्हणतो.
"तुझ्या डावीकडे की माझ्या?" दुसरा.
सतरा वर्षांत एवढंच.

पाणी घोट्यापर्यंत. मोजे तसेच.
ती वाकते, ओंजळ भरते, ओठांना लावते,
जीभ टाळ्याला टेकवून विचार करते
जसा कामगारांच्या घंटेआधी पातेल्यापाशी करत असेल.
आम्ही सगळे थांबलेले. लाटाही, असं वाटतं, पण नाही.
"अळणी आहे," ती सांगते.
"एवढं मोठं भांडं, आणि मीठ घालायला विसरले."

खरंच आहे. बाल्टिकला मीठ कमी.
फार नद्या येऊन मिळतात त्याला.

हसता हसता लेशेककाकांचा हात सुटला,
खुर्ची कलली,
विटोल्डकाकांनी आत्याला सावरलं
आणि लाटेनं तिघांनाही भिजवलं.

वही माझ्याकडे आहे म्हणून सांगते,
समेट वगैरे झाला नाही.
रात्री लेशेककाकांनी माशांचा हिशेब वेगळा मागितला.
सकाळी पुन्हा दहा भिंती ठोकल्या, हिरवीही.
फक्त तिचा एक खुंट कमी होता.
तो नेलाच्या किल्ल्यावर रोवलेला दिसला, वर कुणाचा तरी रुमाल.
कुणी दिला, ते तिला विचारायचं नाही
असं न बोलता ठरलं.

निघायच्या दिवशी आत्या मोजे झटकत होती,
पायरीवर वाळूचा लहानसा ढीग.
"वहीत लिही," मला म्हणाली,
"पुढच्या वर्षी येताना मीठ आणायचं."
मी लिहिलं.
किती, ते तिनं सांगितलं नाही.