तळटीप एकेचाळीस

मी बास वाजवतो. तिच्या डावीकडे, एक पाऊल मागे.
तिथून आधी श्वास दिसतो, सूर मागाहून येतो.
खांदा किंचित वर गेला की कळतं
आता बाई कुठे निघाली.

दिवसा ती डॉक्टर अर्डेलिया रशिंग,
पिट्सबर्गच्या विद्यापीठात चौथ्या मजल्यावर,
जिथे रेडिएटर कुरकुरतो आणि खिडकी अर्धीच उघडते.
गुरुवारी रात्री, सेंटर अव्हेन्यूच्या तळघरात, नुसती डेलिया.
चष्मा तोच. चष्म्याची दोरीही तीच.
"दोन नोकऱ्या कुठल्या, एकच आहे," म्हणते,
"फक्त इथे बिअर मिळते."

अकरा वर्षं ती एका फितीच्या मागे होती.
सन अठ्ठावन्न, पोलाद कामगारांची वस्ती,
खोक्यावर पेन्सिलीनं लिहिलेलं:
स्त्री, अनोळखी. खोकते, मग गाते.
बस्स.
गाणं संपवून ती कधी कधी नुसती बोलायला लागते,
मी एकाच तारेवर तिच्याबरोबर चालत राहतो,
तेव्हा हे येतंच:
*खोकल्याची नोंद झाली, नावाची राहून गेली,
पेन्सिल कुणाच्या हातात होती, बोला.*
कुणी बोलत नाही. ग्लासातला बर्फ तेवढा हलतो.

त्या फितीत मध्येच एक जागा आहे.
शब्द अर्ध्यावर टाकून बाई गप्प होते.
साडेनऊ मात्रा. मी मोजल्यात.
मग सोडला तिथूनच, त्याच सुरावर, उरलेला शब्द.
डेलियानं त्या साडेनऊ मात्रांवर बारा पानं लिहिली.
शोक. नकार.
परक्या यंत्राच्या हाती न दिलेला आवाज.
चांगली पानं होती. मी दोनदा वाचली.

मार्चमध्ये परिषद भरली.
तळटीप एकेचाळीसपाशी फीत ऐकवायची,
तर यंत्रानं मान टाकली.
सभागृहात कुणी घड्याळ पाहिलं, कुणी पाण्याची बाटली.
डेलियानं कागद खाली ठेवले,
खांदा किंचित वर गेला
(मी शेवटच्या रांगेत, बोटं नुसती शिवशिवली)
आणि ती गायली, थेट खोकल्यापासून.
अर्ध्या शब्दावर थांबली.
एक, दोन, तीन, चार,

"कण्या," मागून आवाज आला.

यंत्र दुरुस्त करायला बोलावलेला माणूस,
निळा गणवेश, खांद्यावर वायरचं वेटोळं,
छातीवर शिवलेलं नाव: ल्युशस पेटवे.
"मॅडम, मक्याच्या कण्या उतू चालल्या होत्या.
मी टेबलाखाली होतो. सहा वर्षांचा.
आईनं भांडं उतरवलं, हात पुसले, मग पुढचं म्हणाली.
आयोला तिचं नाव. आयोला पेटवे.
आणि तो खोकला नव्हे,
त्या साहेबाच्या सिगारेटला टोमणा होता."

बारा पानं. टेबलावर.
मला तिच्याकडे बघवेना.
ती हसली, मान मागे टाकून, गुरुवारचं हसू,
मग विचारलं,
"मीठ किती घालायच्या?"

पुस्तक आलं तेव्हा मी आधी तेच पान काढलं.
बारा पानं जशीच्या तशी, एक ओळ खोडलेली नाही.
खाली बारीक टायपात:
४१. कण्या. स्रोत: मुलगा, टेबलाखालून.
"आणि ती बारा पानं?" मी विचारलं.
"उतू जाणारं भांडं उतरवताना
तिनं सूर मनात धरून ठेवला.
त्याला तू काय म्हणतोस?"
मी तार जुळवायला घेतली.

आता गुरुवारी ती त्या जागेला थांबते
तेव्हा मी मोजत नाही.
पेटवे पहिल्याच टेबलाशी बसतो,
बिअरला हात न लावता, डोळे मिटून,
मान हलवतो:
अजून नाही,
अजून नाही,
हां, उतरव.