दोन खुणांच्या मध्ये

सकाळी सहाला, इंजिन थंड असताना,
दिघोरीच्या फ्लॅटखाली सपाट फरशीवर
मी बॉनेट उघडते.
पट्टी ओढते, जुन्या ओढणीच्या टोकाने पुसते,
आत घालते, पुन्हा ओढते.
वरची खूण. खालची खूण.
तेल खालच्या खुणेच्याही खाली,
रंग मधाचा, अंग पाण्याचं,
बोटावर थांबतच नाही.

फरशी मात्र कोरडी.
एक थेंब नाही.

बाबांची वनखात्याची जीप उभी राही तिथे
कायमचा काळा डाग असे.
आई त्यावर राख टाकायची आणि बडबडायची.
डाग ताटाएवढा झाला की बाबा म्हणत,
चला, सील गेलं.
दुखणं आधी अंगणात यायचं.

शोरूममधल्या पोराने स्क्रीन माझ्याकडे वळवली.
हजार किलोमीटरला एक लिटरपर्यंत
नॉर्मल आहे, मॅडम.
एसीत माझे हात गारठले होते,
मी मान डोलावली.
बाहेर सेहेचाळीस.
डांबर चपलेला धरून ठेवत होतं.

हेडाऊ मिस्त्रींनी पट्टी नाकाशी नेली.
"पातळ तेल, ढिल्या रिंगा.
मायलेज पायजे ना सगळ्यायले.
झिरो-सोळा! थंड्या मुलखातला आकडा हाय हा,
आपल्या मे महिन्याले कोणं इचारलं?"
प्लग काढला. टोकावर राखेचं बारीक कवच.
"धूर नाई दिसत. धूर पुढची जाळी खाते.
जुन्या गाड्या रडत होत्या, बाई.
ह्या गिळून घेतात."

जाड तेल टाकू का?
"टाका. वॉरंटी जाईन."
आणि नाही टाकलं तर?
त्यांनी बोटं चिंधीला पुसली,
एक एक करून, पाचही,
आणि चहा सांगितला.

आता लेकाच्या चौकटीच्या वहीत मी मांडते:
बारा एप्रिल, एकतीस हजार चारशे, पाव लिटर.
तीस एप्रिल, अर्धा.
अकरा मे, अर्धा, आणि वर थोडं, सांडलं.
उमरेडच्या तहसिलीत दिवसभर लोकांचे उतारे तपासते,
कुठे काय कमी झालं ते लाल शाईत लिहिते.
दुपारी बहिणीचा फोन. कशी आहेस?
शब्द तोंडात तयारच होता.
नॉर्मल.

परवा पाचगावच्या अलीकडे लाल दिवा लागला.
डिकीत डबा असतोच, छत्रीशेजारी.
पाण्याची बाटली कापून नरसाळं केलं.
रसवंतीवरचा पोरगा धावत आला,
गरम झाली का ताई?
नाही रे, प्यायली.
तो हसला तसा मलाही हसू आलं,
उन्हात, रस्त्याच्या कडेला, एकटीलाच
जरा जास्तच.

मग थांबले, तेल खाली उतरेपर्यंत.
पट्टी पुसली.
ओढणीवर एक रेघ उमटली,
इतकी फिकी
की पहिल्या धुण्यात जाईल.