गिलकं

केळीचा खांब आधी घेऊन पाहिला.
फैजपुरात त्याला काय तोटा!
घड उतरला की बांधावर आडवा, कुणी विचारत नाही.
कापला तर आत मधमाशीनं आखावीत तशी घरं.
पण सगळं पाणीच.
तिसऱ्या दिवशी कॉलेजच्या खिडकीत
त्याची चिंधी झाली होती.

मग गिलकं आठवलं,
कुंपणावर बियांसाठी राखलेलं,
माघात वाळून खुळखुळणारं.
आई त्यानंच टाचा घासायची.

साल सोलली. बिया झटकल्या.
सोड्याच्या पाण्यात उकळून घेतलं.
सावद्याच्या तोताराम कुंभारांची माती
तीन फडक्यांतून गाळली, दुधासारखी केली.
बुडवायचं, पिळायचं, फुंकायचं.
फुंकर आरपार गेली नाही
तर पुन्हा पिळायचं.

भट्टीला घाई चालत नाही.
मिनिटाला एक अंश, पाचशेपर्यंत.
पहिल्यांदा मी केली घाई
आणि दार उघडलं तर नुसता चुरा.
दुसऱ्यांदा वीज गेली, रात्री सव्वादोनला.
तिसऱ्यांदा जळक्या भाजीचा वास
पार जिन्यापर्यंत आला.
वॉचमन सायबू तडवी वर येऊन म्हणाला,
मॅडम, रात्रीचं जेवण करपलं का?

सकाळी हातात घेतलं.
वीतभर होतं, ते चार बोटं आखडलं होतं.
पांढुरकं. वजन जवळपास नाहीच.
सगळ्या गाठी, सगळी जाळी जिथल्या तिथं,
फक्त गिलकं नव्हतं.
भिंगाखाली धरलं,
तर जिथं एकेक धागा होता
तिथं एकेक नळी,
केसापेक्षा थोडी जाड.

तोताराम बघायला आले.
माठ पारखावा तसं बोटानं वाजवलं.
वाजलं नाही.
कानाशी धरलं, उजेडाकडे धरलं.
‘कुठी गेलं वं ते गिलकं?’
जळालं, म्हटलं.
‘जयलं तं जयलं. पन त्याची जागा
अजून त्यालेच धरून बसली.’

मग बराच वेळ काही बोलले नाहीत.
नंतर सांगितलं, हसत, जरा लाजत,
की त्यांचा बाप माठाच्या मातीत
गाढवाची लीद कालवायचा, चाळून, मोजून.
आव्यात ती जळते, तिथं भोकं राहतात,
म्हणून माठाला घाम येतो, पाणी गार होतं.
‘लोकाईले सांगत नव्हतो. पेले नसते.’

मी वहीत लिहून घेतलं.
लीद किती, माती किती.
इंग्रजी अहवालात ते कुठं बसवायचं
अजून कळलेलं नाही.

परवा एक तुकडा फोडला
मोजमापासाठी.
आत एक बी राहून गेलेली असणार.
तिच्या आकाराचा खळगा,
टोकाशी निमुळता, अगदी गुळगुळीत.
करंगळीचं नख त्यात नीट बसलं.

बाकीच्या बिया टेबलावर, वाटीत आहेत.
वाटी मी अजून उचललेली नाही.