चोवीस तासांच्या आत

काल चार वाजून बावीस मिनिटांनी
रुकय्याबी होडेकरांनी माझ्या टेबलावर पैसे मोजले,
पाचशेच्या नोटा, कडेला बर्फाचा ओलावा,
आणि मी मुदस्सरचं तिकीट काढलं.
गोव्याहून मस्कत, एकेरी, खिडकीची जागा.
तिकडे मामाने शब्द टाकलेला:
एसी दुरुस्तीचं काम, खोलीत सहाजण, जेवण कंपनीचं.
मुदस्सर दाराशी उभा, चपला हातात.
नावाचं स्पेलिंग विचारलं
तेवढंच बोलला.

आज मी शटर उचलतोय, तर बाई पायरीवर.
"काल काढलंव ता मागं फिरतंय काय?"

मी नियम वाचून दाखवला.
नियम मी जरा मोठ्यानेच वाचतो,
म्हणजे तो माझा नाही हे कळतं.
विमानाला आठवड्याहून जास्त अवकाश आहे,
तर काढल्यापासून चोवीस तासांत रद्द, पैसे पूर्ण.
पंचविसाव्या तासाला निम्म्याहून जास्त कंपनी गिळते.
माझे दोनशे मात्र गेले.
आणि परत म्हणजे आज नाही,
कामाचे सात दिवस.

"दर्याला बिनकामाचा दिवस कुठचा?"
एवढं बोलून त्यांनी स्टूल ओढलं.

का, ते मी विचारलं नाही.
झेरॉक्स मशीनकडे बघत त्यांनीच सांगितलं:
अर्धं विणलेलं जाळं होतं त्याचं, ओटीवर, खुंटीला.
रात्री बोटीवर जायच्या आधी
काढलान, घडी केलान, दोरीने आवळून माळ्यावर टाकलान.
"मयताचं कपडं बांधतात तसं."

मी बटण दाबलं.
ओटीपी गेला मुदस्सरच्या नंबरावर,
आणि मुदस्सर नूर-ए-सागरवर, बारा मैल आत,
जिथे फोन म्हणजे नुसती बॅटरी.
दहा मिनिटांत तो आकडा मेला.
पुन्हा मागवला. पुन्हा मेला.
सोसायटीच्या वायरलेसवरून नाखवाचा निरोप आला:
तीनपर्यंत येतो, चार धरा.

मग आम्ही बसलो.
मी दोन सातबारे काढून दिले, एक पॅनकार्ड,
एका मुलीचा फोटो, कान दिसतील असा.
मध्येच लाईट गेली, इन्व्हर्टर कुरकुरला.
रुकय्याबींनी घड्याळाकडे एकदाही पाहिलं नाही,
ते माझ्याकडे लागलेलं, सारखं.

चार वाजून नऊ मिनिटं. भगवतीच्या दीपगृहाला
वळसा घालून बोट आत आली असणार,
कारण फोन लागला.
इंजिनाची घरघर, कुणाची तरी शिवी,
आणि बाई एवढंच म्हणाल्या:
"तुज्या फोनवर आकडं येतील. वाच."

त्या आकड्यांच्या वर
ते कशासाठी आहेत हे लिहिलेलं असतं.
मुदस्सर दहावी झालेला आहे.

"सहा," तो म्हणाला. "शून्य. शून्य. तीन."
मग काहीच नाही.
मला वाटलं रेंज गेली.
बाईंनी फोन कानापासून हलवला नाही,
इंजिन मात्र ऐकू येत होतं.
"नऊ," तो म्हणाला. "एक."

चार वाजून चौदा मिनिटांनी तिकीट रद्द.
आराखड्यात ती खिडकीची जागा
करड्याची हिरवी झाली, कुणीही घ्यावी अशी.

"पुरं येतील ना?"
"दोनशे सोडून."
त्यांनी पदर सारखा केला आणि धक्क्याकडे निघाल्या,
लिलाव सुरू व्हायची वेळ.
संध्याकाळी मस्कतहून मामाचा फोन येईल,
त्याला कुठला नियम वाचून दाखवायचा
ते त्या बघतील.

मी शटर ओढायला गेलो तेव्हा
कडीला पिशवी लटकत होती, म्हाकुलांची,
पाणी ठिबकून पायरी काळी झालेली.
कुणी अडकवली, दिसलं नाही.
दोनशेच्या वरची होती, डोळ्यांनीच कळत होतं.
पण मासळीला उद्या नसतो,
रात्रीच बसून साफ केली.